तिकिटातले सिक्युरिटीचे २०० रुपये: सांगलीहून विमानाने जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

विमानाचं तिकीट काढलं की खाली बारीक अक्षरात पैशांची फोड दिलेली असते, त्यात एव्हिएशन सिक्युरिटी फी अशी एक ओळ असते, ती कोणी बघत पण नाही. देशातल्या देशात जायचं असेल तर माणशी २०० रुपये, एप्रिल २०२१ पासून हा रेट आहे, त्याच्या आधी १६० होता, आणि परदेशी जाणाऱ्याला १२ डॉलर. म्हणजे विमानतळावर जी तपासणी होते ती फुकट नाही, आपण तिचे पैसे मोजतो. हॉटेलचा रिव्ह्यू लिहितो, मिक्सरचा लिहितो, मग ह्या सर्व्हिसचा का नको. आणि आपल्या भागातून आता कितीतरी लोक विमानाने जातात, विटा, खानापूर, आटपाडी इकडची गलाईवाली मंडळी तर सगळ्या देशात पसरलेली, सोनं-चांदी गाळायची दुकानं पार तामिळनाडू केरळपासून उत्तरेपर्यंत, पूर्वी हे सगळे रेल्वेनेच जायचे, आता मुलं कमावती झाली की आईवडिलांना विमानाचं तिकीट काढून देतात. माझे दीर पण ह्याच धंद्यात, दक्षिणेत असतात, त्यामुळे आमचं जाणं येणं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाही त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. तपासणी चांगली आहे, कडक आहे आणि ती तशीच पाहिजे. पण कुठल्या वस्तूला काय नियम आहे हे माणसाला घरातून निघायच्या आधी त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही, आणि तिथं ट्रेपाशी उभं राहिल्यावर कळून काही उपयोग नसतो. तपासणीला ५ पैकी साडेचार, माहिती देण्याला दीड.

आता सविस्तर.

सांगलीकराला पहिला प्रश्न वेळेचा. आपल्याकडं विमानतळ नाही, कवलापूरच्या जागेचं नुसतं ऐकतोय कधीपासून. म्हणजे एक तर पुणे नाहीतर कोल्हापूर. पुण्याला जायचं तर पेठ नाक्याला हायवेला लागायचं, मग कराड, सातारा, खंबाटकी, पुढं कात्रजपासून लोहगावपर्यंत शहरातून जाणं हाच एक वेगळा प्रवास, गाडीने साडेचार पाच तास धरायचे. त्यात देशांतर्गत विमानाला दोन तास आधी पोचा म्हणतात, बहुतेक एअरलाइनचा बॅगा घ्यायचा काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो, तो बंद झाला की कितीही विनंती करा, काही होत नाही. सकाळी अकराचं विमान असेल तर सांगलीतून पहाटे साडेतीनला निघावं लागतं. विमानात बसणार दीड तास आणि त्याच्यासाठी पहाटेपासूनचा अख्खा अर्धा दिवस. म्हणून मुंबईला जायला आमच्याकडं अजून कोणी विमानाचा विचार करत नाही, रात्री महालक्ष्मीत बसलं की सकाळी मुंबई, ना बॅग उघडायची ना बेल्ट काढायचा. विमान परवडतं ते लांबच्या पल्ल्याला, जिथं रेल्वेने दीड दोन दिवस जातात.

पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालंय, जागा मोकळी आहे, जुन्या टर्मिनलमध्ये जी चेंगराचेंगरी व्हायची ती कमी झालीय. माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेत झालेलं, आत धातू आहे, त्यामुळे धातू ओळखणाऱ्या दाराच्या चौकटीतून त्या गेल्या की आवाज होणारच. घरातून निघाल्यापासून त्यांना एकच काळजी, मला बाजूला घेतील, लोकांच्यात साडी वर करायला लावतील. तसलं काही झालं नाही. बायकांची तपासणी पडद्याच्या आत होते आणि बाईच करते, हे ज्या बायका पहिल्यांदा जाणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, ह्याचीच भीती सगळ्यात जास्त असते आणि कोणाला विचारायची लाज वाटते. तिथली सीआयएसएफची, म्हणजे विमानतळ सांभाळणाऱ्या केंद्रीय सुरक्षा दलाची मुलगी वयाने लहानच होती, माताजी हाथ ऊपर म्हणाली, हातातलं ते यंत्र खांद्यापासून खाली नेत नेत गुडघ्याशी आलं आणि वाजलं. परत फिरवलं, परत वाजलं. तिने यंत्र बाजूला ठेवलं, साडीवरूनच हाताने गुडघा चाचपला, ऑपरेशन? एवढंच विचारलं, सासूबाईंनी मान हलवली, मी बाहेरून डॉक्टरांचं पत्र पुढं केलं ते तिने वाचलं, मग दुसरा गुडघा तसाच तपासला आणि दोन्ही हात धरून त्यांना त्या छोट्या पायरीवरून खाली उतरवलं. दोन मिनिटं पण लागली नाहीत. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या काही काढायला लावलं नाही. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अगं लई माया केली बघ पोरीने. पत्र असलं म्हणून तपासणी टळत नाही बरं का, पण बोलणं सोपं होतं. आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवून घ्या, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं.

हे मुद्दाम लिहिलं कारण सिक्युरिटीवाले उद्धट असतात असं सगळे सरसकट बोलतात. दिवसभर हजारो माणसं, प्रत्येकाच्या अंगावरून यंत्र फिरवायचं, प्रत्येकजण घाईत, त्यात कोणी मोबाईल खिशात ठेवून येतो तर कोणी मोठ्या आवाजात हुज्जत घालतो, त्यात त्यांनी आवाज चढवला तर मी समजू शकते.

रांगेत उभं राहिल्यावर लोक वैतागून म्हणतात एवढं कशाला, काय होणार आहे. तर हे नियम काय कोणाच्या मनात आलं म्हणून झालेले नाहीत, एकेका नियमाच्या मागं माणसं गेलेली आहेत. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली, बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता, बॅग तेवढी गेली. म्हणून आज एखादा प्रवासी बॅग देऊन गायब झाला तर त्याची बॅग खाली उतरवल्याशिवाय विमान हलत नाही. आमच्या विमानात एकदा हे झालं, सगळे चढून बसलेले आणि एका माणसाचा पत्ता नाही, विमानाच्या पोटातून बॅगा काढून शोधाशोध चालली, अर्धा तास गेला, मागच्या सीटवरचे गृहस्थ एअरलाइनला नाही नाही ते बोलत होते. मला मात्र त्या अर्ध्या तासाचं काही वाटलं नाही. मग डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदहारला नेलं, आठवडाभर लोक आत अडकले, त्याच्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्याच्या पोलिसांकडून सीआयएसएफकडं द्यायला सुरुवात झाली, पहिलं जयपूर, फेब्रुवारी २००० मध्ये. परदेशी जाताना १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ हातातल्या बॅगेत चालत नाही, ते २००६ साली लंडनहून निघणारी विमानं पातळ स्फोटकाने उडवायचा कट पकडला त्याच्यामुळं. तेव्हा कडक पाहिजेच, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसरीच.

परतीच्या वेळी एका मोठ्या विमानतळावर, नाव लिहीत नाही कारण हे कुठंही होऊ शकतं, आमच्या पुढं रांगेत खानापूर तालुक्यातले एक आजोबा होते. धोतर, पांढरी टोपी, एकटेच. मुलाच्या गलाईच्या दुकानावर महिनाभर राहून परत चाललेले, जाताना रेल्वेने गेले होते आणि येताना मुलाने विमानाचं तिकीट काढून दिलं. रेल्वेत काय, कोण बघतंय, पिशवीत काही पण न्या. त्यांची कापडी पिशवी एक्स-रे मधून गेली आणि ट्रे दुसऱ्या बेल्टवर वळला, संशय आला की ट्रे आपोआप तिकडं जातो, मोठ्या विमानतळांवर आता असे बेल्ट आहेत. जवानाने पिशवी उघडली, भडंगाचं पाकीट बाजूला काढलं, धोतराची घडी काढली, आणि खाली चंची होती, त्या चंचीत पितळेचा अडकित्ता. जुना, दांड्यावर मोराची नक्षी, पकडून पकडून मोराचं डोकं गुळगुळीत झालेलं. जवान हिंदीत म्हणाला ये नहीं जाएगा. आजोबांना वाटलं सुपारी खायला बंदी आहे, ते म्हणाले मी खाणार नाही आत, नुसता ठेवतो. मी मध्ये पडून दोघांना एकमेकांचं सांगितलं. जवान चांगला होता, तो म्हणाला परत मागं जाऊन काउंटरवर सामानात देता येईल, पण काउंटर बंद व्हायची वेळ झालेली, सामानात द्यायला आजोबांकडं दुसरी बॅग नाही, सोडायला आलेला मुलगा बाहेरून कधीच गेलेला, कारण बिनतिकीट माणसाला आत येता येत नाही. मुलाला फोन लावला तर तो गाडीत, ट्रॅफिकमध्ये. शेवटी अडकित्ता त्या डब्यात गेला. आधीच्या लोकांच्या कात्र्या, लायटर, चाकू असं सगळं पडलेलं त्यात. आजोबा काही बोलले नाहीत, पिशवी परत भरायला लागले तर हात थरथरत होते, भडंगाचं पाकीट मी भरून दिलं.

आता ह्यात चूक कोणाची? जवानाची नाही, त्याने अडकित्ता सोडला तर उद्या तो दुसरं पण सोडेल. आजोबांची पण नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिकीट मुलाच्या मोबाईलवर आलेलं, इंग्लिशमध्ये, त्यात खाली कुठंतरी बंदी असलेल्या वस्तूंची छोटी छोटी चित्रं, त्यात कात्री असते, चाकू असतो, अडकित्ता कुठून असणार. चेक-इनला विचारतात पॉवर बँक आहे का, लायटर आहे का, ते पण एका दमात. ज्याच्याकडून २०० रुपये घेतले त्याला मराठीत एक मेसेज पाठवायला काय अवघड आहे, तिकीट काढताना भाषा विचारा आणि त्या भाषेत पाठवा, गॅस सिलेंडर बुक केला तर मराठीत मेसेज येतो की. आणि विमानतळाच्या बाहेर, जिथं गाडीतून उतरतो तिथं, मोठा बोर्ड पाहिजे, म्हणजे सोडायला आलेल्या माणसाच्या हातात वस्तू परत देता येते. आत ट्रेपाशी बोर्ड लावून काय करायचं, तिथं वस्तू परत द्यायला कोणी नसतंच.

आमच्या विश्रामबागेतला तिकीट काढून देणारा एजंट हे काम स्वतःहून करतो, तिकीट पाठवलं की फोन करतो, वहिनी खोबरं घेऊ नका, मसाला काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत टाका, पॉवर बँक पर्समध्ये ठेवा. त्याला ह्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. त्याच्यामुळं आमचं आजपर्यंत काही गेलं नाही.

त्या खोबऱ्याचं जरा सांगते कारण आपल्याकडच्या बायकांचा सगळ्यात जास्त जीव तिथं तुटतो. लेक सासरी निघाली की ओटी भरायची, ओटीत नारळ, आणि तो नारळ तिथं काढून ठेवायला लावला तर तिला काय वाटेल विचार करा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते ढिगाने ठेवलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत सुकं खोबरं आहे, ते हातातल्या बॅगेत पण नाही आणि मोठ्या बॅगेत पण नाही. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत एरवी चालत नाही, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावर न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ सोबत न्यायला सुरक्षा विभागाने २० जानेवारी २०२५ पर्यंत परवानगी दिली होती, एक्स-रे आणि स्फोटकाची चाचणी करून. म्हणजे लोकांनी मांडलं तर ऐकतात, मार्ग काढतात. आपल्याकडून ओटीच्या नारळाचं कोणी मांडलंय का, माझ्या तरी ऐकण्यात नाही. तोपर्यंत मी नणंदेची ओटी घरीच भरते, नारळ देवापुढं ठेवते आणि तांदूळ, हळकुंड, सुपारी रुमालात बांधून देते.

बाकी आपल्या नेहमीच्या वस्तूंचं सांगते. भडंग, कंदी पेढे, बेदाणे, हळकुंडं हातातल्या बॅगेत बिनधास्त जातात, आमचे गेलेत. कांदा लसूण मसाला आणि लाल तिखट मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत तिखट अडवतात कारण ते कोणाच्या डोळ्यात टाकता येतं. काकवी, तूप, लोणचं मोठ्या बॅगेत आणि दोन पिशव्यांमध्ये बांधून. तिरुपतीला किंवा कुठं देवाला जाणाऱ्यांनी पूजेच्या सामानातून कापूर आणि काडेपेटी आधीच काढून टाका, तिकडं गेल्यावर विकत मिळतंच. पॉवर बँक बरोबर उलटी, ती मोठ्या बॅगेत अजिबात नाही, हातातच ठेवायची, कारण पेटली तर वर माणसं असतात विझवायला, खाली पोटात कोण बघणार. १०० वॅट अवरपर्यंत चालते, २०००० एमएएचची साधारण ७४ ची असते, फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नकोत, वाचता आले नाहीत तर अडवू शकतात. इळी, अडकित्ता, कात्री, सुरी सगळं मोठ्या बॅगेत. आणि मस्करीत सुद्धा बॅगेत बॉम्ब आहे वगैरे बोलू नका, पोरांना पण सांगून ठेवा, ऑक्टोबर २०२४ मध्ये खोट्या धमक्यांनी शेकड्याने विमानांचा खोळंबा झाला होता, आता कोणी हसण्यावारी नेत नाही, थेट पोलीस.

डिजियात्राचं, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायच्या ॲपचं पण लिहिते, बरेच जण विचारतात. डिसेंबर २०२२ मध्ये हे दिल्ली, बेंगळुरू, वाराणसीला चालू झालं, २०२३ मध्ये पुण्याला आलं. आधारवरून नोंदणी करायची, सेल्फी काढायचा, बोर्डिंग पास त्यात टाकायचा, मग दारात कॅमेऱ्याकडं बघितलं की गेट उघडतं. दारातली रांग खरोखर वाचते, माझी वाचली. पण पुढं बॅग आणि अंग तपासायची रांग तीच, तिथं काही फरक पडत नाही, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. चेहऱ्याची माहिती आपल्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाच्या सिस्टीममधून उड्डाणानंतर २४ तासात पुसतात असं त्यांचं म्हणणं आहे. सक्ती नाही, ज्याला नको त्याने आधार कार्ड दाखवून साध्या रांगेतून जावं. सासूबाईंचं मी करायला घेतलं होतं पण आधारला लिंक असलेला नंबर सासऱ्यांच्या जुन्या फोनचा, तो बंद, ओटीपी येणार कुठं, म्हणून सोडून दिलं. वयस्कर लोकांसाठी हे अजून सोयीचं नाही.

कोल्हापूरबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचंय. उजळाईवाडीचं विमानतळ सांगलीपासून साधारण ५० किलोमीटर, जयसिंगपूर हातकणंगले करत तास सव्वा तासात पोचतो, नवीन टर्मिनल मार्च २०२४ मध्ये झालं, दगडी बांधकामाचा लूक दिलाय, बघायला छान वाटतं. तिथं तपासणी तेवढीच कडक पण गर्दी नसते, त्यामुळं समोरच्या माणसाला दोन शब्द बोलायला वेळ असतो. मराठीत बोलतात. पिशवीत काय आहे आजी, हे असं विचारलं की माणूस घाबरत नाही, स्वतः उघडून दाखवतो. विमानं कमी आहेत आणि वेळा बदलत असतात हीच अडचण, पण हैदराबाद, तिरुपतीकडं जायचं असेल आणि वेळ जुळत असेल तर आईवडिलांना पुण्याला नेऊ नका, इथूनच बसवा, पाचशे-हजार रुपये जास्त गेले तरी.

शेवटचं म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आसपासचं तिकीट असेल तर नेहमीपेक्षा एक तास जास्त धरा, तेव्हा तपासणी वाढवतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबर तणाव होता तेव्हा तर ३२ विमानतळं काही दिवस बंदच होती, आणि बाकी सगळीकडं विमानात चढायच्या आधी शिडीपाशी परत एकदा तपासणी, तीन तास आधी या म्हणून एअरलाइनचे मेसेज. तो मेसेज पण इंग्लिशमध्येच होता, आमच्या शेजारच्या काकूंनी मला वाचायला आणून दिला, त्यांच्या लेकीचं बाळंतपण होतं आणि दुसऱ्या दिवशी निघायचं होतं.